अडकणं वेगळं, टिकणं वेगळं
मूळ गाठीतून सुटून रक्तातून पसरणाऱ्या कर्कपेशी फुप्फुसात अडकतात, कारण तिथल्या केशवाहिन्या (सर्वांत बारीक रक्तवाहिन्या) अरुंद असतात, हे बरोबर. पण अडकलेली पेशी जगते कशी? बऱ्याच कर्कपेशींच्या अंगावर टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन असतं. ते रक्तात आलं की रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन तयार होतं, फायब्रिनचे धागे विणले जातात, प्लेटलेट चिकटतात. जखम बुजवणारी ही जाळीच मग पेशीचं चिलखत होते आणि एनके पेशींना (कर्कपेशी मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना) तिला मारणं अवघड जातं. फायब्रिनोजेन (ज्यापासून फायब्रिन बनतं ते प्रथिन) नसलेल्या उंदरांत फुप्फुसातल्या कर्करोगाच्या गाठी बऱ्याच कमी झाल्या, हा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. (कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्यांचं नातं फ्रेंच डॉक्टर ट्रूसोने १८६५ सालीच सांगितलं होतं!)

एक कळकळीने सांगते, हे वाचून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने सुरू करू नका, रक्तस्रावाचा धोका खरा आहे. आणि गुठळीसाठी डॉक्टरांनी दिल्या असतील, तर मनाने बंदही करू नका.