आयेल्ट्स स्पीकिंग : उत्तरं पाठ करून बँड वाढतो का? (वाद घाला, पण मुद्द्यावर)

कोरा_कागद
नमस्कार मंडळी. मी नाशिकला घरीच आयेल्ट्सच्या, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, स्पीकिंगचा सराव घेते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं आधी कुठेतरी क्लास करून, एकदा परीक्षा देऊन, "मॅडम स्पीकिंगला सहावर अडकलोय" (बँड म्हणजे गुण, नऊपैकी) म्हणत येतात आणि प्रत्येकाच्या बॅगेत तीच जाडजूड झेरॉक्स असते. सध्या परीक्षेत येणारी क्यू कार्डं, म्हणजे ज्या विषयावर दोन मिनिटं बोलायचं ती कार्डं, आणि प्रत्येकाखाली तयार उत्तर. मुलं ती रात्र रात्र जागून पाठ करतात. माझं म्हणणं सरळ आहे, ही झेरॉक्सच त्यांना सहावर अडकवते.

परवाचंच सांगते. एका मुलाला अगदी साधा प्रश्न विचारला, पाऊस आवडतो का. तर हा सुरू झाला, "वेल, दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग क्वेश्चन, टू बी ऑनेस्ट विथ यू, रेन इज अ ब्लेसिंग इन डिसगाइज..." आवाज एकदम सपाट, नजर छताकडे, मध्ये एक शब्द विसरला तर परत पहिल्यापासून. मी म्हटलं राहू दे, गेल्या पावसाळ्यात कुठे गेला होतास ते सांग. आधी गप्प बसला, मग हळूहळू हरिहरगडाचं सांगायला लागला. "स्टेप्स वॉज व्हेरी स्लिपरी मॅम, माय फ्रेंड स्टार्टेड शिव्हरिंग, आय टोल्ड हिम डोंट लुक डाऊन, जस्ट होल्ड द होल इन द रॉक." व्याकरणाची चूक आहे, आहेच. पण तो माझ्याकडे बघून बोलत होता, आवाज वरखाली होत होता, 'शिव्हरिंग' हा शब्द नेमका त्याच्या जागी आला होता. परीक्षकाला हेच ऐकायचं असतं हो!

आणि हे मी मनाचं सांगत नाहीये. स्पीकिंगला चार गोष्टींचे मार्क असतात, चारही सारख्या वजनाच्या : ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. याचे निकष सगळ्यांना वाचायला खुले आहेत पण क्लासवाले ते मुलांना दाखवतच नाहीत, का तर त्यात बँड पाचच्या ओळीत लिहिलंय की उमेदवार काही ठरावीक जोडशब्द गरजेपेक्षा जास्त वापरतो. म्हणजे 'मोअरओव्हर, फर्दरमोअर, टू बी ऑनेस्ट' ही जी सात बँडची गुरुकिल्ली म्हणून विकली जाते ती अति झाली की पाच बँडचं लक्षण ठरते. बोला आता.

वऱ्हाडी_माणूस
ताई, ऐकायला लय गोड वाटते हे. पण तुमच्याकडे येणारं पोट्टं निदान हरिहरगडाची गोष्ट इंग्रजीत सांगू शकलं. मी अमरावती जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, इंजिनीअरिंगला जाईपर्यंत इंग्रजीत एक वाक्य तोंडातून काढलं नव्हतं. कॉलेजात पण सर इंग्रजीत लिहून द्यायचे आणि मराठीत समजवायचे. अशा माणसाला तुम्ही म्हणाल मोकळं बोल, तर तो काय बोलणार? मला पहिले काही महिने पाठ केलेल्या वाक्यांनीच तारलं. तोंडाला सवय झाली, जीभ वळायला लागली, भीती गेली. आज कॅनडात पीआर (कायम राहायची परवानगी) घेऊन बसलोय. एक्स्प्रेस एंट्रीला, म्हणजे पीआरच्या अर्जाला, चांगले पॉइंट मिळवायचे तर सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी) नऊ लागते, म्हणजे आयेल्ट्समध्ये लिसनिंग ८ आणि बाकी तिन्हीत ७, ते मी काढले. पाठांतराला शिव्या घालणारे बहुतेक लोक लहानपणी घरात इंग्रजी पेपर येणारे असतात, राग मानू नका.

मेलबर्न_मिसळ
वऱ्हाडी भाऊंशी सहमत, आणि मी तर म्हणेन आयेल्ट्सच्या नादी लागायचंच कशाला, पीटीई द्या, ती पण इंग्रजीचीच परीक्षा, पण कॉम्प्युटरवर. समोर माणूस नाही, हेडफोन लावायचा, माइकमध्ये बोलायचं, मार्क मुख्यतः मशीन देते. डिस्क्राइब इमेजला, म्हणजे चित्राचं नाहीतर ग्राफचं वर्णन करायच्या प्रश्नाला, एक साचा पाठ होता, ग्राफ कुठलाही येवो, त्यात आकडे भरायचे आणि न थांबता बोलायचं. माझ्यासकट आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांचं काम झालं. परीक्षा आहे, तिचा नियम ओळखून खेळायचं, यात गैर काय?

कोरा_कागद
@मेलबर्न, तुम्ही दिलीत तेव्हाचं चित्र बदललंय. ऑगस्ट २०२५ पासून पीटीईच्या स्पीकिंगमध्ये दोन नवे प्रकार आलेत, एकात लोकांची चर्चा ऐकून तिचा सारांश बोलायचा आणि दुसऱ्यात एक प्रसंग दिला जातो, त्यात तुम्ही समोरच्याला काय म्हणाल ते बोलायचं. तिथे ग्राफचा साचा काय कामाचा?

@वऱ्हाडी_माणूस, राग अजिबात नाही, उलट तुमच्यासारखीच मुलं माझ्याकडे जास्त आहेत. दिंडोरी, कळवण, सुरगाणा भागातली. पण तुमच्याच बोलण्यातला फरक बघा ना, तुम्ही *वाक्यं* पाठ केलीत, *उत्तरं* नाही. "आय युज्ड टू... बट नाऊ आय..." असा सांगाडा तोंडात बसला की त्यात तुम्ही शेत पण घालू शकता आणि क्रिकेट पण. झेरॉक्समध्ये काय असतं तर "माझ्या आवडत्या शिक्षिका मिस रोझी" चं अख्खं दोन मिनिटांचं उत्तर, आणि कळवणच्या मुलाच्या आयुष्यात कुणी मिस रोझी नसते. परीक्षकाने पार्ट टू, म्हणजे कार्डावरचं बोलणं, संपल्यावर नुसतं विचारलं की अजून भेटता का त्यांना, तर हा ततपप करतो. पार्ट थ्रीमध्ये तर परीक्षक तुमच्याच उत्तराचा धागा पकडून पुढे विचारतो, चार-पाच मिनिटं, तिथे पाठ केलेलं संपलेलं असतं आणि आधीच्या झकपक इंग्रजीशी आताचं बोलणं जुळत नाही ते लगेच उघडं पडतं. पाठ केलेलं ओळखायचं प्रशिक्षणच असतं त्यांना.

मिरजेची_सिस्टर
मी यूकेत नर्स आहे, दोन्ही बाजू वाचल्या. आमच्या एनएमसीला (इथे नर्सची नोंदणी करणारी संस्था) आयेल्ट्समध्ये लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग सात लागतात, रायटिंगला साडेसहा चालतात. आमच्या बॅचच्या किती जणी स्पीकिंगच्या साडेसहावर थांबल्या, रडून रडून डोळे सुजले, आणि त्या सगळ्या वॉर्डात पेशंटशी उत्तम बोलायच्या! मग काही जणी ओईटीकडे (आरोग्य क्षेत्रातल्या लोकांची इंग्रजीची परीक्षा) वळल्या, तिथे स्पीकिंगमध्ये रोलप्ले असतात, समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होतो आणि तुम्ही नर्स. तयारीला तीन मिनिटं, बोलायला साधारण पाच. इंजेक्शनला घाबरणाऱ्या आजोबांना समजवायचं, हे तर आम्ही रोज करतो. त्या सुटल्या. म्हणून मी कोरा कागद ताईंच्या बाजूने आहे, माणूस जे रोज जगतो त्यावर त्याला बोलता येतं.

पण ताई, एका गोष्टीवर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, ती म्हणजे वेग. आपल्या मुलींना वाटतं फास्ट बोललं की फ्लुएंट. इतक्या धडाधड बोलतात की शब्दांचे शेवट गिळतात, 'आस्क्ड' चं 'आस', 'पेशंट्स' चं 'पेशंट'. मग भूतकाळ पण गेला आणि अनेकवचन पण गेलं, म्हणजे उच्चारात मार्क गेले आणि व्याकरणात पण, एकाच चुकीत दोन ठिकाणी फटका.

चिंतातुर_बाबा
मुलगी बारावीनंतर बाहेर जायचं म्हणते. इथल्या एका क्लासने सांगितलं की ब्रिटिश ॲक्सेंटचं वेगळं मॉड्यूल आहे, त्याची फी वेगळी. परीक्षेचीच फी पंधरा हजारांच्या वर आहे, त्यात हे. ॲक्सेंट लागतो का खरंच? जाणकारांनी सांगावं.

मिरजेची_सिस्टर
बाबा, नका भरू पैसे. मी इथे राहते, इथल्याच लोकांचे दर गावाला वेगळे ॲक्सेंट आहेत, लिव्हरपूलचा पेशंट पहिल्यांदा बोलला तेव्हा मला निम्मं कळलं नव्हतं. आणि परीक्षेच्या निकषात सुद्धा बँड आठला मातृभाषेची छटा चालते, फक्त त्याने समजायला अडचण व्हायला नको एवढंच. मुलीचं इंग्रजी मराठी वळणाचं असलं तरी चालेल, शब्द स्पष्ट हवा.

कोरा_कागद
सिस्टरताईंनी शेवट गिळण्याचं लिहिलंत ते शंभर टक्के खरं. बाबा, ॲक्सेंटऐवजी मुलीच्या या दोन-तीन गोष्टी तपासा. एक, 'स्नेक' आणि 'स्नॅक' वेगळे ऐकू येतात का, 'शिप' आणि 'शीप' वेगळे येतात का. दोन, 'व्ह' आणि 'व', म्हणजे 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट', आपल्याकडे दोन्हीला एकच व, त्यामुळे इथे बहुतेक सगळे अडखळतात. आणि जोर. इंग्रजीत शब्दाच्या एका तुकड्यावर जोर येतो, आपण सगळ्या अक्षरांना सारखं वजन देऊन बोलतो, 'डेव्हलपमेंट' चं 'डे-व्ह-लप-मेंट' चारही तुकडे एका मापाचे. हे मोबाइलवर डिक्शनरी ॲपचा उच्चार ऐकून, स्वतःचा रेकॉर्ड करून, परत ऐकून घरी फुकट सुधारतं.

साडेसहा_फक्त
मध्येच विचारते, माझे बाकी सगळे ७.५ आणि स्पीकिंग ६.५. रीचेकिंग टाकू का?

वऱ्हाडी_माणूस
@साडेसहा, टाकता येते. तुमचं बोलणं रेकॉर्ड झालेलं असते, दुसरा परीक्षक ते ऐकून मार्क देतो. बँड वाढला तर फी परत मिळते. दुसरा रस्ता वन स्किल रीटेक, कॉम्प्युटरवर परीक्षा दिली असेल तर साठ दिवसांच्या आत फक्त स्पीकिंग परत देता येते, पण सगळ्याच युनिव्हर्सिटी आणि व्हिसावाले ते मान्य करत नाहीत, आधी त्यांना मेल टाकून विचारा मगच पैसे भरा.

आता ताईंसाठी. वाक्यं आणि उत्तरं यातला फरक मान्य, चांगला मुद्दा काढला. पण माझा मूळ मुद्दा अजून तिथंच आहे. तुम्ही म्हणता सराव करा, बोला. *कोणासंगं* बोलायचं? दर्यापुरात, अचलपुरात इंग्रजी बोलणारा माणूस दाखवा मला. पुण्यात स्पीकिंग क्लब आहेत, कॅफेत बसून पोरं इंग्रजी झाडतात. तालुक्याच्या ठिकाणी पोट्टं चौकात इंग्रजीत बोललं तर चार दोस्त त्याची नक्कल करतात, दुसऱ्या दिवशी ते तोंड उघडत नाही. त्याच्याजवळ रात्री एकट्यानं करता येण्यासारखी एकच गोष्ट असते, ती झेरॉक्स. ती पण तुम्ही हिसकावून घेता आणि हातात देता काय, तर "नैसर्गिक बोला". हा सल्ला शहरातल्या पोरांना परवडतो राजेहो. आधी बोलायला माणूस द्या, मग पाठांतर सोडायला सांगा.

मेलबर्न_मिसळ
हे मात्र खरंय. मी सांगोल्याचा. पहिलं इंग्रजी संभाषण थेट मेलबर्न एअरपोर्टवर इमिग्रेशनवाल्याशी झालं माझं. तेव्हा पीटीईचा साचा काही आठवला नाही, ते वेगळं.

कोरा_कागद
वऱ्हाडी दादा, हा प्रश्न तुम्ही योग्य जागी नेलात. नक्कल करतात हे अगदी खरं, माझ्याकडची सुरगाण्याची मुलगी घरात भाऊ हसतो म्हणून गोठ्यामागे जाऊन बोलायची. पण म्हणून झेरॉक्स हा उपाय होत नाही, कारण तिने भीती जात नाही, फक्त परीक्षेच्या खोलीपर्यंत पुढे ढकलली जाते.

एकट्याने काय करायचं ते सांगते, मी हेच करून घेते. फोनचा रेकॉर्डर चालू करायचा, कुठलंही क्यू कार्ड घ्यायचं (कार्डं झेरॉक्सची घ्या हवं तर, खालचं उत्तर झाकून ठेवा). समजा आलंय, तुम्हाला मदत केलेल्या एखाद्या वयस्कर माणसाबद्दल सांगा. एक मिनिट मिळतं, कागद-पेन्सिल मिळते. बहुतेक मुलं त्या मिनिटात पहिलं वाक्य सुंदर लिहीत बसतात, मिनिट संपतं, दुसरं वाक्य नसतं. त्याऐवजी फक्त खुणा करायच्या : 'नानाआजोबा, विहीर, मोटर जळाली, रात्री दहा, टॉर्च, पैसे नको म्हणाले.' बस. मराठीत लिहिल्या तरी कुणी विचारत नाही. मग दोन मिनिटं बोलायचं, अडलं तरी थांबवायचं नाही. कार्डावर शेवटी 'का' असं विचारलेलं असतं, तिथे वेळ घालवायचा, कारण मुलं तीस सेकंदात सगळं सांगून मोकळी होतात ती 'का' कडे बघतच नाहीत म्हणून. दोन मिनिटं झाल्यावर परीक्षक मध्येच तोडतो, त्याने घाबरायचं नाही, वेळ संपली एवढाच त्याचा अर्थ.

नंतर रेकॉर्डिंग ऐकायचं, आणि हे सगळ्यात जिवावर येतं. स्वतःचं 'आय एम हॅविंग टू ब्रदर्स' कानावर पडलं की तिथल्या तिथे कळतं. तेच कार्ड दुसऱ्या दिवशी परत बोलायचं. कागद न बघता. तिसऱ्या वेळेला ते उत्तर पाठ न करता तुमचं झालेलं असतं.

अडखळण्याबद्दल पण एक सांगायचं राहिलं. बँड आठला सुद्धा माणूस थांबतो, पण बहुतेक वेळा काय बोलावं याचा विचार करायला थांबतो, शब्द शोधायला क्वचितच. म्हणजे थांबणं गुन्हा नाहीये. प्रश्न कळला नाही तर "सॉरी, कुड यू रिपीट दॅट" म्हणायचं, त्याचे मार्क जात नाहीत. पाठ करणारा मात्र थांबायलाच घाबरतो.

आणि जोडीदार इंग्रजी येणाराच हवा असं नाही. दोन कच्ची मुलं एकमेकांना फोनवर रोज प्रश्न विचारत बसली तरी पुष्कळ होतं, प्रश्नाला उत्तर द्यायची सवय लागते.

वऱ्हाडी_माणूस
गोठ्यामागे बोलणाऱ्या पोरीचं वाचून गप्प बसलो जरा. रेकॉर्डरचं पटलं, हे फुकटात होते आणि कोणी हसत नाही. पाठांतराबद्दल माझं मत तेच आहे, पहिल्या महिन्यात वाक्यं पाठ करायलाच पाहिजे, त्याशिवाय रेकॉर्डर चालू करून पोट्टं नुसतं श्वास घेत बसते. दोन कच्च्यांची जोडी मला पटत नाही, एकाची चूक दुसऱ्याला लागते. निदान आठवड्यातून एकदा जाणत्यानं ऐकलं पाहिजे.

कोरा_कागद
चूक लागते, मान्य. त्या बदल्यात तोंड उघडतं, मला तो सौदा परवडतो. जाणत्याचं म्हणाल तर रविवारी मी मोकळी असते, तालुक्याच्या ठिकाणची मुलं असतील तर फोनवर ऐकेन, फी नको. पार्ट वन (सुरुवातीचे साधे, स्वतःबद्दलचे प्रश्न) आणि एक कार्ड, प्रत्येकी वीसेक मिनिटं.

मिरजेची_सिस्टर
मी पण घेते काही नर्सिंगच्या मुली. ओईटीचे रोलप्ले करू, मी पेशंट होते.

वऱ्हाडी_माणूस
दर्यापूरची दोन पोट्टी आहेत ताई, आत्याच्या ओळखीतली, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. एकीची रविवारी ड्युटी असते, रात्री नऊनंतर चालत असेल तर सांगा, नंबर मेसेजमध्ये पाठवतो.