बांधावरचा बिब्बा: तोडू की ठेवू?

रानोबा:
जुन्नरजवळ आमचं दीड एकर रान आहे. बांधावर एक जंगली झाड आहे, हातभर पानं, फांदीच्या टोकाला गुच्छानं आलेली. परवा गड्यानं त्याच्या दोन फांद्या छाटल्या. दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत फोड, डोळे सुजून बंद. शेजारचे आप्पा बघताक्षणी म्हणाले, "बिब्बा उतलाय." डॉक्टरकडे नेलं, आता उतार आहे. घरचे म्हणतात झाड मुळासकट काढा. गंमत म्हणजे गडीच म्हणतो, नको. काय करू?

वाशीमची लेक:
तोडू नका, दादा. आणि त्या फांद्या चुलीत तर मुळीच घालू नका, बिब्याचा धूरही उततो.

माझी आई हिवाळाभर बिबे फोडायची. वर काळं चकचकीत बी, खाली केशरी बोंड. काजूचाच भाऊबंद, दोघंही आंब्याच्या कुळातले. बोंडं आम्ही पोरं निखाऱ्यावर भाजून खायचो, कच्ची खाल्ली की घसा धरायचा. पण खरं काम बी फोडायचं. हाताला तेल चोळायचं, बिबे राखेत घोळवायचे, दगडावर धरून एकच टोला. जोरात बसला तर आतल्या गोडंबीचा भुगा, तिरका बसला तर टरफलातलं काळं तेल अंगावर. आईच्या डाव्या हाताची दोन बोटं कायम काळी, सालपटं निघालेली. फोटो काढताना तो हात ती अजून पदराखाली घेते. डिंकाच्या लाडवात चिमूटभर गोडंबी टाकून "फार महाग बाई" म्हणणाऱ्या बायकांशी माझं पटत नाही.

तीन ठिपके:
आमचा पिढीजात धंदा परटाचा. आजोबा बिब्ब्यात सुई टोचून कपड्याच्या कोपऱ्यात खूण करायचे, वर चुना लावायचे. काळी पडली की कापड फाटेल पण खूण जाणार नाही. प्रत्येक घराची खूण वेगळी, आमच्या स्वतःच्या चादरींना तीन ठिपके. टाचेच्या भेगांवर पण आजी बिब्बा गरम करून चटका द्यायची, जालीम उपाय!

वाशीमची लेक:
ठिपकेदादा, तो चटका आजीबरोबरच राहू द्या. वैद्यसुद्धा भल्लातक, म्हणजे हाच बिब्बा, विटेच्या चुऱ्यात घोळवून शुद्ध केल्याशिवाय औषधात घेत नाहीत. वाचून कोणीतरी उद्या टाचेत भरेल.

रानोबा:
झाड ठेवतोय. गडी का अडवत होता ते आज कळलं. त्याची बायको दर शनिवारी लिंबू-मिरची-बिब्बा ओवून बाजारपेठेतल्या दुकानांना देते, आणि बिब्बे याच झाडाचे. बारा वर्षं रान माझं, मला पत्ता नाही. आणि तिच्या चालत्या धंद्यात बिब्बा घालायला मीच कुऱ्हाड घेऊन निघालो होतो!