आठ आयपी फोनसाठी पीओई स्विच सुचवा (बजेट ६०००)

सांगलीकर७२:
आमचं करसल्लागाराचं छोटं ऑफिस. आठ आयपी फोन (नेटच्या केबलवर चालणारे) सेकंडहँड मिळाले, अडॅप्टर नाहीत. विकणारा म्हणाला, पीओई आहे, म्हणजे वीजही लॅनच्या केबलमधूनच मिळते, त्यावर चालतील. आमच्या साध्या स्विचवर (लॅनच्या केबली एकत्र जोडायचा डबा) एकही चालू होत नाही. फोनमागे ४८ व्होल्ट, क्लास २ लिहिलंय. बजेट ६०००, त्यावर एक रुपया नाही.

वायरवाला:
सरळ २४ पोर्टचा मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) घ्या, ३७० वॅटचा. आम्ही चार वर्षांपूर्वी घेतला, अजून हूं की चूं नाही. ३० च्या आसपास पडतो.

कावळा:
३० हजार? ते सहा म्हणतायत हो.

वायरवाला:
एकदाच घ्यायचं तर चांगलं घ्यावं. बाकी तुमची मर्जी.

तिखटशेव:
स्वस्तातला इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा वेगळा डबा) घेऊ नका. मी घेतला तो २४ व्होल्टचा पॅसिव्ह (न तपासता वीज सोडणारा) निघाला, वायफायच्या डब्यांना लागतो तसला. फोन ढिम्म. दुकानदार म्हणे, पाकीट फोडलं की परत नाही.

निवांत:
८०२.३एएफ (पीओईचं प्रमाणित मानक) लिहिलेलाच स्विच घ्या. तो आधी पलीकडे पीओईवालं यंत्र आहे का तपासतो, मगच वीज सोडतो. चुकून लॅपटॉप लावलात तरी जळत नाही. हिशेब सोपा आहे: क्लास २ ला पोर्टमागे ७ वॅट, आठ फोनांचे ५६. म्हणजे ६०-६५ वॅटचा आठ पोर्टवाला पुरे. फक्त खोक्यावर नीट वाचा, बऱ्याच "आठ पोर्ट"वाल्यांत पीओईचे चारच असतात. आणि राउटरला जोडायला नववा पोर्ट लागेल.

मीच_तो:
+१. एएफच घ्या.

वायरवाला:
आधी केबल बघा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची खपवतात. ब्लेडने खरवडा, आत पांढरी दिसली की समजा.

कावळा:
घरी तीच आहे, तीन वर्षं नेट चालतंय.

वायरवाला:
नेट चालेल हो, वीज न्यायची म्हटलं की तापते. आमच्याकडे प्लग काळा पडला होता.

कावळा:
तुमच्याकडे सगळंच होतं बुवा.

पोफळी:
स्विच आणि राउटर एकाच यूपीएसवर ठेवा. लाईट गेली तरी फोन चालू. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात फक्त आमचाच फोन लागत होता, शेजारचे ऑफिसवाले येऊन बोलून जायचे :)

सांगलीकर७२:
सगळ्यांचे आभार. मेहुण्याला लॅमिंग्टन रोडवर ४८ व्होल्टचे जुने अडॅप्टर मिळाले, २०० ला एक. आठही घेतले, १६०० त काम झालं. फोन लागले.

निवांत:
अडॅप्टरच्या पिनचे प्लस-मायनस उलटसुलट नाहीत ना, तपासलंत? आणि आठ टेबलांवर आठ सॉकेट?

सांगलीकर७२:
दोन एक्स्टेन्शन बोर्ड टाकले. ऑफिसला इन्व्हर्टर आहेच, ते सांगायचं राहिलं.

मीच_तो:
मग एएफचा घेतला का शेवटी?