चिप टायमिंग नाही तर रेस घेऊच नका?

सड्यावरचा:
"चिप टायमिंग परवडत नसेल त्यांनी एमटीबी (डोंगरी सायकल) रेस भरवूच नये," असं कुणीतरी ठणकावून लिहिलंय. चिप म्हणजे स्वारागणिक लावलेली इलेक्ट्रॉनिक खूण, रेषेवरची अँटेना तिची वेळ आपोआप टिपते. राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहितो.

दीडशे स्वार, पाच किमीचा लूप, एक्ससीओ (त्याच लूपवर फेऱ्या मारायची क्रॉसकंट्री रेस). वेळ टिपायला तीन माणसं बास. एक नंबर पुकारतो, दुसरा आल्या क्रमाने लिहितो (पेन्सिलने, पावसात पेन फिसकटतं), तिसरा रेषेवर मोबाईलने चित्रण करतो, चौकटीत घड्याळ दिसेल असं. गट दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडा, नंबरपाट्यांचे रंग गटागणिक वेगळे ठेवा.

वाचलेला पैसा मार्शलवर, म्हणजे वाटेवर उभ्या केलेल्या राखणदारांवर, घाला. अवघड उतारावर एका मार्शलला पुढचा दिसलाच पाहिजे. प्रत्येकाकडे शिट्टी, झेंडा आणि वॉकीटॉकी, कारण घळीत मोबाईलला रेंज नसते. लूप पाकळ्यांच्या आकाराचा आखा, म्हणजे मध्ये उभी केलेली एकच अँब्युलन्स सगळ्या पाकळ्यांना जवळ पडते. निकाल दोन सेकंदांनी चुकला म्हणून कुणाचा खांदा निखळत नाही.

चेनरिंग ३२:
दोन सेकंद? तिसऱ्या लूपला पुढचे मागच्यांना गाठतात, पाट्या चिखलाने माखलेल्या, आणि कोण कितव्या लूपमध्ये हे तुमच्या पेन्सिलवाल्याला ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. एक फेरी लिहायची राहिली की अख्खं निकालपत्रक आडवं. मग बक्षीस समारंभ ताटकळतो आणि सरपंच निघून जातात.

सड्यावरचा:
८० टक्क्यांचा नियम कशाला आहे? पहिल्याचा पहिला लूप १५ मिनिटांचा असेल, तर १२ मिनिटांहून मागे पडलेल्याला बाहेर काढा. गाठागाठ होतच नाही.

चेनरिंग ३२:
वा! फी भरून आलेल्या हौशी स्वाराला दुसऱ्याच लूपला घरी पाठवा. पुढच्या वर्षी दीडशेचे पन्नास होतील, मग बोटांवर मोजा.

गुराखीमित्र:
तुमचं घड्याळ चालू द्या. वाट आखायला बांधलेली फीत रेसनंतर कोण काढतं ते सांगा आधी. दोन्ही बाजूंनी पूर्ण लूप बांधला की १० किमी, म्हणजे ५०० मीटरचे २० रोल प्लॅस्टिक. ते वाऱ्याने तुटतं, करवंदीच्या जाळीत अडकतं आणि गुरांच्या पोटात जातं.

चेनरिंग ३२:
पूर्ण लूप कोण बांधतं? फक्त वळणं आणि कडे. बाकी ठिकाणी फक्की मारा.

गुराखीमित्र:
चुन्याची फक्की? पुढच्या चाकाने उडालेली धूळ मागच्याच्या डोळ्यांत. चुना डोळा जाळतो, साहेब. शिरगोळ्याची रांगोळी वापरा.

सड्यावरचा:
रांगोळी दवात आणि वाऱ्यात टिकत नाही, पहाटे पुन्हा ओढावी लागते. त्यापेक्षा बाण नीट लावा: फाट्याच्या ३० मीटर आधी, फाट्यावर, आणि खात्रीसाठी १० मीटर पुढे. चुकीच्या वाटेवर फुली. उताराला खाली तोंड केलेले बाण. एक म्हणजे जपून, तीन म्हणजे जिवावरचं.

गुराखीमित्र:
आणि शनिवारच्या सरावानंतर रात्रीत कोर्स बदललात तर? टोकियो ऑलिंपिकमध्ये एका खडकावरून उतरायला सरावात असलेली फळी शर्यतीतही असेल असं धरून नेदरलँड्सचा स्वार व्हॅन डर पूल त्या खडकावर गेला आणि आपटला. बाकीच्यांना माहीत होतं म्हणे. एकाला कळलं नाही, तेवढं पुरलं. बदल स्वारांच्या बैठकीत सांगा, शिवाय त्या जागी फलक लावा.

चेनरिंग ३२:
फळी, फक्की, फीत. माझा मुद्दा चिपचा होता, हे कुणाच्या लक्षात आहे का?

सड्यावरचा:
आहे. तुमच्या त्या अँटेनाला वीज लागते. जनरेटर बंद पडला तर शेवटी पेन्सिलच. चिप लावलीत तरी माझा पेन्सिलवाला रेषेवर बसणारच.

चेनरिंग ३२:
बसू दे, सोय म्हणून बरा आहे. दीडशेपर्यंत तुमचा कागद चालवून घेतो. दोनशेच्या वर गेलात की रात्री अकराला निकाल जुळवायला मला फोन करू नका.

गुराखीमित्र:
फीत राहिलीच. शेवटच्या स्वारामागे दोघं पाठवा, एकाकडे कात्री, एकाकडे गोणी. रोल मोजून नेले तसे मोजून परत आणा.