हौशी निरीक्षकांच्या जुन्या हस्तलिखित वह्या: तारीख-वेळ जुळत नाहीये, मदत हवी

संध्यातारा:
नमस्कार मंडळी. सध्या एकोणिसाव्या शतकातल्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या वह्यांचे स्कॅन वाचायचा नाद लागलाय. अक्षर लावता लावता डोळे दुखतात पण सुटत नाही, काय बारीक कामं केलीत लोकांनी! आता एका इंग्लिश निरीक्षकाच्या १८८० च्या दशकातल्या वहीत अडकलेय. गुरूचं सुंदर स्केच आहे, पट्टे, डाग, शेजारी चार ठिपके म्हणजे चंद्र, आणि खाली लिहिलंय १२ जानेवारी, १६ तास ४० मिनिटं. आता दुपारी पावणेपाचला गुरू कसा दिसेल? स्टेलॅरियममध्ये (कुठल्याही वेळचं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर) ती वेळ टाकून बघितली तर गुरू चक्क क्षितिजाखाली. शिवाय स्केचमधले पट्टे हल्लीच्या फोटोंच्या मानाने उलटे वाटतात, आणि कडेला पी आणि एफ अशी अक्षरं आहेत ती कसली ते कळत नाही. निरीक्षकाने चुकीचं लिहिलंय का मी चुकीचं वाचतेय?

आणि दुसरं म्हणजे, आता कॅमेरे इतके भारी असताना या स्केचेसचा अभ्यासाला खरंच काही उपयोग होतो का? मला तर वाटतं व्हायलाच हवा, पण नक्की कसा ते जाणकारांनी सांगा.

ध्रुवमत्स्य:
ताई, लिहिणाऱ्याचं बरोबर आहे. खगोलवाल्यांचा दिवस तेव्हा मध्यरात्री नाही, दुपारी बाराला सुरू व्हायचा. कारण साधं आहे, रात्रभर दुर्बिणीपाशी बसलेल्या माणसाला मध्येच तारीख बदलायला नको, आख्खी रात्र एकाच तारखेखाली. म्हणजे १२ तारखेचे १६ तास ४० मिनिटं म्हणजे १२ च्या दुपारपासून तेवढा वेळ पुढे, अर्थात आपल्या हिशेबाने १३ जानेवारीची पहाट, ४ वाजून ४० मिनिटं. ही पद्धत १९२५ च्या १ जानेवारीपासून अधिकृतपणे बंद झाली, ज्युलियन दिवस (खगोलवाले दिवस सलग मोजतात तो आकडा) मात्र आजही दुपारी बारालाच बदलतो.

पण लगेच पक्कं धरू नका. काही हौशी लोक घरच्या घड्याळाप्रमाणे साधी तारीखही लिहायचे, आणि वेळ ग्रिनिचची का गावच्या सूर्याची हेही बघावं लागतं (ब्रिटनमध्ये ग्रिनिच वेळ कायद्याने १८८० मध्ये आली, त्याआधीच्या वह्यांत तर हमखास गोंधळ). रेखांशाच्या एका अंशाला ४ मिनिटांचा फरक पडतो. त्याहून जुनी इंग्लिश वही हातात आली तर कॅलेंडरच वेगळं, तिकडे १७५२ पर्यंत ज्युलियन चालायचं. इंग्लंडच्या थॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्राचं पहिलं चित्र काढलं त्यावर तारीख आहे २६ जुलै १६०९, ती आजच्या कॅलेंडरने ५ ऑगस्ट.

तुमच्याकडे चार चंद्र काढलेत ना, मग प्रश्नच मिटला. सॉफ्टवेअरमध्ये १२ आणि १३ दोन्ही तारखा टाकून बघा, त्यातला सगळ्यात आतला आयो तर पावणेदोन दिवसांत गुरूभोवती फिरून येतो, त्यामुळे चुकीच्या तारखेला चारही जागच्या जागी बसणं जवळपास अशक्य.

उलटी_दुर्बीण:
पट्ट्यांचं मी सांगतो. साध्या खगोली दुर्बिणीत प्रतिमा पूर्ण उलटी दिसते, दक्षिण वर उत्तर खाली, आणि निरीक्षक जसं दिसतं तसंच काढायचे, त्यामुळे जुनी ग्रहचित्रं बहुतेक दक्षिण वर अशीच असतात. स्केच १८० अंशात फिरवा की झालं. मात्र आयपीसच्या (डोळा लावतो त्या भिंगाच्या) आधी डायगोनल, म्हणजे प्रकाश वळवणारा एकच तिरका आरसा, लावला असेल तर डावं-उजवंही बदलतं, मग नुसतं फिरवून भागत नाही, आरशातल्यासारखं पलटावं लागतं.

ते पी म्हणजे प्रिसीडिंग आणि एफ म्हणजे फॉलोइंग. दुर्बीण स्थिर ठेवली की ग्रह सरकत सरकत बाहेर जातो, जी कड आधी बाहेर पडते ती पी, मागून येते ती एफ. ही दोन अक्षरं ज्याने लिहिली त्याने तुमचं निम्मं काम करून ठेवलंय, दुर्बीण कुठली होती हे माहीत नसलं तरी दिशा लागते.

आणि हो, गुरूवरच्या मोठ्या लाल डागाची जागा सॉफ्टवेअरशी ताडू नका. तो रेखांशात सरकत राहतो, इतक्या जुन्या तारखेला सॉफ्टवेअर दाखवतं ती जागा भरवशाची नाही. चंद्रांवरूनच ठरवा.

खग्रास:
उपयोगाबद्दल मी जरा वेगळं बोलतो. स्केच म्हणजे डोळा अधिक मेंदू अधिक हात, आणि मेंदू मधल्या जागा स्वतःच भरतो. मंगळाचंच बघा, १८७७ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ श्यापारेल्लीने मिलानहून सरळ रेषांचं जाळं काढलं, त्याच वर्षी नॅथॅनियल ग्रीन, जो पेशाने चित्रकार होता, त्याने मदेरा बेटावरून मंगळ काढला तर त्यात रेषा नाहीत, मऊ छटा आहेत. ग्रह तोच, वर्ष तेच! पुढे १९०९ मध्ये आंतोनियादी या ग्रहनिरीक्षकाने पॅरिसजवळच्या म्यूदाँ वेधशाळेच्या ८३ सेंटीमीटरच्या दुर्बिणीतून बघितलं तेव्हा त्या रेषांच्या जागी वेडेवाकडे तुटक डाग निघाले. म्हणून एकट्या स्केचवर मी निष्कर्ष काढणार नाही, दोन-तीन जणांच्या वह्यांत एकच गोष्ट त्याच सुमाराला सापडली तरच.

डागमोजणी:
खग्रास, स्केचबद्दल मान्य, पण वही म्हणजे नुसतं स्केच नाही हो. माझ्या मते वहीतला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे ज्या ओळी वाचताना कंटाळा येतो त्या. तारीख, वेळ, दुर्बीण, हवा कशी होती, आणि ‘आज काहीच दिसलं नाही’.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे हाइन्रिख श्वाबे. जर्मनीतल्या डेसाऊचा औषधविक्या, बुधाच्याही आत एखादा ग्रह आहे का ते शोधायला निघाला, म्हणजे सूर्यासमोरून जाताना तो काळा ठिपका दिसेल, आणि तो सूर्यावरच्या डागांत ओळखू यायचा तर आधी ते डाग नोंदवायला हवेत. म्हणून १८२५ पासून १८६७ पर्यंत, ऊन असेल त्या दिवशी सूर्य! ग्रह मिळालाच नाही. पण त्याचा तक्ता बघा, १८२८ मध्ये २८२ दिवस निरीक्षण, बिनडागी दिवस शून्य. १८३३ मध्ये २६७ दिवस, त्यातले १३९ बिनडागी. १८४३ मध्ये ३२४ पैकी १४९. रिकाम्या सूर्याच्या नोंदी त्याने गाळल्या असत्या तर डाग वाढण्या-घटण्याचं साधारण दहा वर्षांचं चक्र दिसलंच नसतं. तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही, प्रसिद्ध जर्मन शास्त्रज्ञ हुम्बोल्टने आपल्या ग्रंथात तक्ता छापला तेव्हा लोकांना कळलं, १८५७ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. त्याच्या वह्या लंडनला सोसायटीकडेच आहेत, आणि आपल्या काळात त्या स्कॅन करून एकेका डागाची जागा आणि आकार मोजलाय. गुरूच्या लाल डागाभोवतीची खोबणही त्याने १८३१ मध्ये काढून ठेवलीय.

आपल्याकडचे हौशी निरीक्षक राधागोविंद चंद्र आठवा. बंगालात जेसोरला सरकारी खजिन्यात नोकरी, ३ इंची दुर्बीण, आणि चलताऱ्यांच्या (ज्यांचं तेज कमी-जास्त होतं अशा ताऱ्यांच्या) तेजाचे आकडे वर्षानुवर्षं एएव्हीएसओ या चलताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकी संस्थेला पाठवत राहिले, शेवटी त्या संस्थेने त्यांना ६ इंची दुर्बीण वापरायला दिली. त्यांच्या कामात बघायला चित्र नाही, आकडे आहेत, आणि ते मला कुठल्याही चित्राइतकेच देखणे वाटतात.

संध्यातारा:
बसले!! १३ च्या पहाटेला चारही चंद्र बरोबर बसले, स्केच फिरवून, पलटावं नाही लागलं. १२ च्या पहाटेचंही टाकून बघितलं, एकही धड जुळत नाही. किती आनंद झालाय सांगू शकत नाही, दीडशे वर्षांपूर्वी जवळपास त्या माणसाने थंडीत बसून चार ठिपके नीट मोजूनमापून काढले म्हणून आज हे कळलं.

आता अजून एक. समासात डागापुढे तीन वेळा लिहिल्यात, दहा-बारा मिनिटांच्या अंतराने. त्या कसल्या?

उलटी_दुर्बीण:
अरे वा, मग तुमच्याकडे खरा ऐवज आहे! डागाची पुढची कड, मध्य आणि मागची कड गुरूच्या मधल्या रेषेवर कधी आली त्या वेळा असणार. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, म्हणजे मिनिटाला साधारण ०.६ अंश, त्यावरून डागाचा रेखांश आणि लांबी दोन्ही निघतात. खग्रास म्हणतात तो हाताचा दोष इथे बराच कमी होतो, कारण इथे मोजमाप घड्याळाचं आहे. लाल डाग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ४० हजार किलोमीटरच्या आसपास लांब होता आणि आता १६ हजारांच्या आसपास आलाय हे आपण म्हणतो ते अशाच जुन्या नोंदींच्या जोरावर.

खग्रास:
या तीन वेळांवर मात्र मी विश्वास ठेवीन. ताई, त्याने सीइंगचा (हवा किती स्थिर होती त्याचा) आकडा दिला असेल तर तोही घ्या, पण कुठली पट्टी ते बघून. आंतोनियादीच्या पट्टीत १ म्हणजे उत्तम हवा, पिकरिंगच्या पट्टीत १ म्हणजे सगळ्यात वाईट. आणि या दोन्ही पट्ट्यांच्या आधीची वही असेल तर त्या माणसाची स्वतःचीच काहीतरी पद्धत असणार, आगेमागे पानं चाळून शोधावी लागेल.

ध्रुवमत्स्य:
एक विनंती. उतरवून घेताना मूळ नोंद जशीच्या तशी ठेवा, १२ जानेवारी, १६ तास ४० मिनिटं, खाडाखोडीसकट. बदललेली तारीख शेजारच्या रकान्यात टाका आणि कशावरून बदलली तेही लिहा, ‘चंद्रांवरून पडताळलं’ एवढं पुरे. ढगांमुळे काही दिसलं नाही असे दिवसही उतरवा. आणि ज्यांनी स्कॅन ठेवलेत त्यांना हा रकाना पाठवून द्या, पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको.