गांधीबाग–बुटीबोरी–काटोल: व्हीपीएन आहे, मग काळजी मिटली का?

गांधीबागकर
ऑफिस नागपूरच्या गांधीबागेत, गोदाम बुटीबोरीला, संत्र्याचं कोल्ड स्टोरेज काटोलला. तिन्ही जागा राउटरमधल्या पीपीटीपीनं (व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी बंद वाटेचा, जुना प्रकार) जोडल्या आहेत. काटोलचा मुलगा रिमोट डेस्कटॉपनं इथल्या सर्व्हरवर टॅली उघडून आवक टाकते. बसवणारा म्हणते, "व्हीपीएन आहे ना भाऊ, काहून घाबरता?" मले पटून नाही राहिलं. काटोलला स्टॅटिक (कायम तोच राहणारा) आयपी पत्ताही भेटत नाही.

वैदर्भी_नेट
भाऊ, आधी पीपीटीपी बंद करा. त्यातलं एमएस-चॅप व्ही२ (पासवर्ड तपासायची पद्धत) २०१२ मध्येच फोडून दाखवलंय, पासवर्ड कितीही लांब ठेवा. त्याऐवजी आयपीसेक (व्हीपीएनचा जास्त सुरक्षित प्रकार) असेल तर सेटिंग अशी निवडा: जोडणी ठरवायला आयकेई व्ही२, डेटा कुलूपबंद करायला एईएस-२५६, की ठरवायला डीएच ग्रुप १४ किंवा वरचा. आयकेई व्ही१ चा अ‍ॅग्रेसिव्ह मोड (झटपट जोडणीची पद्धत) मुळीच नको. त्यात शेअर्ड कीचा (दोन्हीकडे टाकलेल्या सामायिक पासवर्डचा) हॅश, म्हणजे तिच्यावरून काढलेला ठसा, बाहेरच्याच्या हाती लागतो आणि तो घरी बसून निवांत की शोधतो. फर्मचं नाव आणि साल अशी की असेल तर किती वेळ लागणार?

पण माझा जीव अडकतो तो पुढच्या गोष्टीत. टनेल (व्हीपीएनचा बंद बोगदा) वाटेत कोणाला डेटा वाचू देत नाही, एवढंच त्याचं काम. काटोलच्या पीसीत रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) शिरलं तर तेही त्याच टनेलमधून थेट तुमच्या सर्व्हरवर येईल. फायरवॉलमध्ये 'एनी टू एनी' (कोणीही कुठेही जाऊ शकतो असा) नियम असेल तर काढाच. त्या एका पीसीला सर्व्हरचं फक्त ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं दार) द्या. कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरला (रेकॉर्डरला) काहीच नको. त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) वर्षानुवर्षं कोणी बघत नाही.

रामटेककर
स्टॅटिक आयपी एकट्या गांधीबागेत असला तरी भागतं. वायरगार्ड (नव्या पद्धतीचं व्हीपीएन) लावा, काटोल स्वतःहून गांधीबागेला जोडेल. कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा इशारा) २५ सेकंद ठेवा. प्रत्येक जागेची की वेगळी, आणि अलाउड आयपीजमध्ये (कोणते पत्ते चालतील त्या यादीत) त्या जागेचंच सबनेट (आतल्या पत्त्यांचा गट). तिन्हीकडे सबनेट एकच, १९२.१६८.१, असेल तर आधी ते बदला, नाहीतर पत्ते एकमेकांत गुंततील.

गांधीबागकर
बुटीबोरीच्या राउटरचं अ‍ॅडमिन पेज मोबाईल डेटावरून उघडून राहिलं!

वैदर्भी_नेट
आजच्या आज रिमोट मॅनेजमेंट बंद करा, पासवर्ड बदला, फर्मवेअर अपडेट करा. ३३८९ बाहेरून सर्व्हरकडे फॉरवर्ड (खुलं) केलेलं नाही ना, तेही बघून घ्या. फायरवॉलचा नवा नियम लागल्यावर काटोलच्या पीसीवरून सर्व्हरचं शेअर्ड फोल्डर उघडून पाहा. उघडलं तर नियम लागलाच नाही. तसं असेल तर नियमांचा स्क्रीनशॉट टाका, पब्लिक आयपी खोडून.