सायलेंट हंटर ३ साठी जीडब्ल्यूएक्स घेऊ की एनवायजीएम? अरबी समुद्रात खेळायचं असेल तर काय?

देवगड_खाडी
नमस्कार मंडळी. १ जूनपासून मासेमारी बंद, बोटी वर ओढून झापाखाली गेल्या, रात्री वेळच वेळ आहे म्हणून सायलेंट हंटर ३, तो दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचा गेम, परत टाकलाय. साधा गेम आता बघवत नाही. दोन टॉर्पेडो बसले की एवढं मोठं मालवाहू जहाज मिनिटात खाली, असं कुठं असतं? पाणी भरायला वेळ लागतो, कुठे भरतंय त्यावर जहाज कलंडतं, हे आपण किनाऱ्यावरची माणसं लहानपणापासून बघतो. तर रिअॅलिझम मॉड, म्हणजे गेम खऱ्यासारखा करणारी चाहत्यांनी बनवलेली भर, टाकायचाय आणि जीडब्ल्यूएक्स ३ आणि एनवायजीएम या दोघांत अडकलोय. दोन्ही एकत्र चालतात का? लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम, पावसात लाइट कधीही जाते. आणि शेवटचं, अरबी समुद्रात खेळता येतं का कशात?

हर्णे_बंदर
दोन्ही एकत्र अजिबात टाकू नको. दोन्ही मॉड त्याच त्याच फाइली बदलतात, गेम सुरू होईल पण अर्ध्या गस्तीत बंद पडेल. एकच घे.

तू जे बुडण्याचं लिहिलंयस ना, त्यावरच एनवायजीएमवाल्यांनी सगळ्यात जास्त मेहनत घेतलीय, म्हणून तुझ्यासाठी माझं मत तिकडे. मूळ गेममध्ये जहाजाला ठराविक मार सोसायची ताकद दिलीय, ती संपली की बुडालं. एनवायजीएममध्ये पाणी भरण्यावर खेळ आहे. टॉर्पेडो बसतो, जहाजाचा वेग पडतो, एका अंगाला झुकतं आणि तसंच तरंगत राहतं. तास गेला, दोन तास गेले, पुढचा डेक पाण्याला टेकला तरी नक्की बुडेल की नाही कळत नाही. आता टाइप सात-सी जातीच्या पाणबुडीवर सगळे मिळून १४ टॉर्पेडो, त्यातले दोन बाहेर डेकखाली, आणि समुद्र खवळलेला असला की ते आत घेता येत नाहीत. मग तू पेरिस्कोपला डोळा लावून बसतोस, की अजून एक खर्च करू की एस्कॉर्ट, म्हणजे राखणीची युद्धनौका, परत यायच्या आत निघून जाऊ. कप्तानाचं खरं काम हेच होतं आणि मला त्यासाठीच हा गेम आवडतो.

जीडब्ल्यूएक्समध्ये पण पाणी भरतं, पण त्याची खरी ताकद जगात आहे. बंदरं भरलेली, वाहतूक दाट, जहाजांचे प्रकार भरपूर, आणि १९४३ पासून फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या बिस्केच्या आखातात विमानं डोकं वर काढू देत नाहीत. ते बरोबरच आहे म्हणा, मे १९४३ या एका महिन्यात ४० च्या वर यू-बोटी, म्हणजे जर्मन पाणबुड्या, गेल्या. दोस्त राष्ट्रांच्या विमानांवर १० सेंटिमीटरचं रडार आलं आणि जर्मनांचं मेटॉक्स, रडारची चाहूल घेणारं यंत्र, ते पकडू शकत नव्हतं. पण जीडब्ल्यूएक्स लोड व्हायला खूप वेळ घेतं, जुन्या मशीनवर तर जास्तच.

आचरा_तळ
मी मालवणीतच विचारतंय, आधी ह्या सांग, तुका बुडवूक मजा येता की सोधूक? बुडवूक येत असात तर एनवायजीएम. सोधूक, फिरूक, बंदरात घुसूक येत असात तर जीडब्ल्यूएक्स. बाकी सगळा मागसून.

पाजपंढरी_दर्या
वरच्यांशी सहमत, पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही, हवामान. सायलेंट हंटर ३ मध्ये वारा जास्तीत जास्त सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किमी. हवामान खातं मच्छीमारांना ४५ ते ५५ चा इशारा देतं तेवढाच. वारा तेवढा असणं ठीक आहे, पण मूळ गेममध्ये एकदा वादळ लागलं की आठवडे आठवडे हलतच नाही, डेकवरच्या तोफेवर माणूस उभा राहत नाही, काही दिसत नाही. आषाढात आपल्याकडे पण मधे उघाड मिळते की. त्यासाठी एसएच३ कमांडर नावाचा छोटा प्रोग्रॅम टाक, या दोन्ही मॉडबरोबर चालतो. वाऱ्याचं दुरुस्त करतोच, शिवाय यंत्रात बिघाड आणि बोट किती खोलीला चेचेल ते दर वेळी वेगळं ठेवता येतं. २०० मीटरच्या खाली गेल्यावर पत्रा कुरकुरायला लागतो आणि तुला आकडा माहीत नसतो, तेव्हा खरी भीती वाटते.

आणि मॉड काहीही घे, मॅन्युअल टार्गेटिंग, म्हणजे नेमाचा हिशेब स्वतः करणं, चालू केलं नाहीस तर अर्धा रिअॅलिझम गेला. वेग काढायची सोपी पद्धत सांगतो, ३ मिनिटं १५ सेकंदांत जहाज नकाशावर जितके शंभर मीटर सरकलं तितके नॉट. ७०० मीटर सरकलं तर ७ नॉट. १ नॉट म्हणजे तासाला १८५२ मीटर, हिशेब करून बघ, बसतो बरोबर.

रत्नागिरी_मिऱ्या
अरबी समुद्राचं मी सांगतो, माझा आवडता विषय आहे. त्यासाठी सायलेंट हंटर ४ घे, त्याचं यू-बोट मिशन्स एक्स्पान्शन आणि वर ऑपरेशन मान्सून हा मॉड. ४ मध्ये थर्मल लेयर पण आहे, पाण्याचं तापमान एकदम बदलतं त्या थराखाली गेलास की वरच्या जहाजाचं सोनार मंदावतं.

खऱ्या इतिहासात १९४३ च्या उन्हाळ्यात जर्मनीने मान्सून नावाचा यू-बोटींचा गट इकडे पाठवला. नैर्ऋत्य मोसमी वारे ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस इथे पोचून हल्ला करायचा असा बेत होता म्हणून ते नाव. बऱ्याच वाटेतच बुडाल्या, उरलेल्यांना मलायातलं, तेव्हा जपान्यांच्या ताब्यातलं पेनांग हा तळ. यू-१८८ ने तर १९४४ मध्ये अरबी समुद्रात शिडाचे ढाव बुडवले. आपल्या पणजोबांच्या काळात याच पाण्यात गलबतं मलबारला, आखातात जात होती. नकाशावर ही जागा उघडली की मला वेगळंच वाटतं, अटलांटिकमध्ये तसं होत नाही.

देवगड_खाडी
सगळ्यांचे आभार. ठरलं, आधी एनवायजीएम आणि एसएच३ कमांडर, ऑपरेशन मान्सून नारळी पौर्णिमेआधी. आचऱ्याच्या भावा, माका बुडवूकच मजा येता. 😄 लाइटचं मात्र राहिलं, मधेच गेली तर सेव्ह कसं सांभाळायचं?

हर्णे_बंदर
सेव्ह करताना तीन गोष्टी पाळ. बोट पाण्यावर असू दे, आजूबाजूला एकही जहाज किंवा विमान नको, आणि दर वेळी नवीन नावाने कर. पाण्याखाली किंवा ताफ्याजवळ केलेली सेव्ह पुष्कळदा उघडतच नाही, जीडब्ल्यूएक्सच्या पुस्तिकेत पण तसंच बजावलंय. म्हणजे हल्ला सुरू करायच्या आधी, ताफा नजरेत यायच्या आत एक सेव्ह. गेम प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवू नको, वेगळ्या फोल्डरमध्ये टाक. १.४बी पॅच हवाच. मॉड लावणं काढणं फक्त बंदरात असताना, गस्तीवर असताना हात लावू नको. ४ जीबीचा पॅच, जो गेमला जास्त मेमरी वापरू देतो, गेमच्या एक्झी फाइलला लाव, मधेच बंद पडणं बरंच कमी होतं. आणि जुनी सीडी असेल तर तिच्यातलं स्टारफोर्स हे कॉपी रोखणारं कुलूप विंडोज १० वर चालत नाही, स्टीमवरची घे.